अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

सर्वांत आधी नेपाळमधल्या या वाटेवरच्या देउराली मुक्कामी, लॉजमधल्या दिदींचे. वर जाणाऱ्यांना त्या पहाटेच चहा पाजून वाटेला लावतात. देउराली ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३७०० मीटर) या टप्प्यात हिउंचुली शिखराच्या उतारावरून हिमलोट कोसळतात. तो उतार खालून दिसतही नाही, म्हणून आभाळ निरभ्र असलं की माणूस गाफील राहतो. ऊन चढलं की बर्फ सैल होतो. त्याआधी तिथून पार व्हायचं. धोका वाढला की मोदी खोला नदीच्या पलीकडच्या तीराने जायलाही त्याच सांगतात.

दुसरे आभार खेचरवाल्यांचे. घंटा ऐकू आली की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीकडे कधीच नाही. खेचराच्या पाठीवरचं सिलिंडर घासून गेलं तरी तोल जातो. हे ते प्रत्येकाला न कंटाळता ओरडून सांगतात.

आणि भारवाहकांचे! छोम्रोङ गावच्या दगडी पायऱ्या उतरायच्या, झुलता पूल ओलांडायचा, की समोर सिनुवाचा चढ. हे सगळं कपाळावर नाम्लोचा पट्टा आणि पाठीवर ओझं घेऊन. त्यांच्या पाठीवर किती लादायचं, हे मात्र आपल्या हातात असतं. दोघांत मिळून एक भारवाहक घेताना दोघांचं सामान आधी काट्यावर घालावं.

शिवाय ४१३० मीटरवरच्या अन्नपूर्णा बेस कॅम्पवर खोल्या भरल्यावर जेवणघरातल्या बाकांवर गाद्या टाकून देणाऱ्या, डाळभाताची वाढ पुन्हा विचारणाऱ्या पोरांचे. डोकं दुखून मळमळायला लागलं तर ‘गोळी घे’ म्हणण्याआधी ‘खाली उतर’ म्हणतात तीही हीच पोरं.