ओल्ड कोर्सचा सातबारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंडच्या गोल्फ सहलीवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात गोल्फला पाऊण पान मिळालं हीच मोठी गोष्ट, म्हणून आधी आभार. लेखकमहाशयांनी सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सला, म्हणजे तिथल्या जुन्या गोल्फ मैदानाला, दहापैकी सहा गुण दिले आणि जवळच्याच एका नव्या रिसॉर्ट कोर्सला नऊ. गुणांवरून माझं भांडण नाही, ज्याची त्याची आवड. पण ओल्ड कोर्स हा 'रॉयल अँड एन्शंट या श्रीमंत क्लबचा खासगी कोर्स' आहे असं जे छापलंय, ते चूक आहे आणि लेखातला पुढचा सगळा घोळ मला त्या एका वाक्यातून झालेला दिसतो. खेळ जिथून सुरू होतो त्या पहिल्या टीच्या पाठीमागे जी दगडी इमारत दिसते, ती त्या क्लबची. तिच्यासमोरची जमीन गावाची आहे.

मी गोल्फमधला कोणी जाणकार नव्हे. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. गोल्फ शिकलो पन्नाशीत, एका साहेबांच्या नादाने, तोही लष्करी वसाहतीतल्या नऊ होलच्या, म्हणजे नऊ टप्प्यांच्या, कोर्सवर. तिथे ग्रीनला, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीला, ग्रीन म्हणायची सोय नव्हती. तेल मिसळून दाबलेली वाळू असायची, तिला 'ब्राउन' म्हणत. आपण पट करण्याआधी, म्हणजे चेंडू खड्ड्याकडे घरंगळवण्याआधी, एक पोरगा लाकडी फळी ओढून पावलांचे ठसे पुसून टाकायचा. माझा हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) आजही चोवीस आहे आणि तो आता खाली येईल अशी आशा मी सोडली आहे. लेक डंडीला असते. तिथून बसने पाऊण तासाच्या आत सेंट अँड्र्यूज येतं. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे होतो. जावई हौशी निघाले आणि एकाच आठवड्यात दोन्ही प्रकारचे कोर्स खेळायचा योग आला. म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

रिसॉर्ट आधी झालं. जावयांच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीने तिथली एक रात्र आणि दोघांचा खेळ ठरवला होता. खोटं कशाला बोलू, मजा आली. बगीत, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या गाडीत, बसल्या बसल्या पडद्यावर कळत होतं की पिन (खड्ड्यातली निशाणाची काठी) १४२ यार्डांवर आहे आणि डावीकडे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. प्रत्येक होल आपापल्या टेकड्यांच्या कोंदणात बसवलेलं, त्यामुळे साडेचार तासांत आम्हाला दुसरे खेळाडू जवळजवळ दिसलेच नाहीत. गुडघा दुखला नाही. शॉट जरा वाकडा गेला तर फेअरवेची, म्हणजे टी ते ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, कड बशीसारखी उचललेली, चेंडू आपोआप मधे यायचा. मी १०१ फटके मारले. माझ्या हिशेबाने हे दिवाळीच म्हणायची.

पण सवय जाते कुठे? उभं आयुष्य मातीच्या भरावांचे उतार तपासण्यात गेलेलं. चौथ्या होलपाशी लक्षात आलं की या टेकड्या एकाच हाताच्या आहेत. कुठेही बघा, एकास तीन, एकास चार, घोटून घोटून गोल केलेल्या कडा. सखल जागा आली की तिथे गवतात लपवलेली निचऱ्याची जाळी असणारच. दर पंधरा-वीस पावलांवर स्प्रिंकलरची टोपी. काम उत्तम होतं, बिल पास करायला माझी काही हरकत नसती. फक्त ती जमीन माझ्याशी खेळत नव्हती, माझी सरबराई करत होती.

ओल्ड कोर्सवर खेळायचं तर लॉटरी. दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं टाकायची आणि निकालाची वाट बघायची. तीनदा नाही लागली, चौथ्यांदा लागली. पहिल्या टीवर उभा राहिलो आणि खरं सांगतो, जीव जरा खट्टू झाला. समोर सिन्नरच्या पुढचं माळरान मार्च महिन्यात दिसतं तसं काहीतरी. पिवळट, वाऱ्याने चापून बसवलेलं, ना झाड ना तलाव. पहिल्या आणि अठराव्या होलची फेअरवे एकच, मधे कुंपण नाही, रेघसुद्धा नाही. आपल्या लेखकांचे चार गुण इथेच गेले असणार. 'उजाड' आणि 'अन्यायकारक' हे त्यांचेच शब्द.

आमच्याबरोबर साठीच्या घरातला एक कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, होता, डंडीचाच. भारतातून आलोय म्हटल्यावर म्हणाला, माझे आजोबा कलकत्त्याच्या ज्यूट गिरणीत होते. डंडी हे तागाचं शहर, माणसं तिकडे गेली आणि ताग इकडे आला. त्यामुळे मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिसऱ्या होलवर. ग्रीन अजून चाळीस पावलं लांब, मधे दोन-तीन उंचवटे. मी वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, मागितला. त्याने मान हलवली आणि हातात पटर ठेवला, ग्रीनवर चेंडू घरंगळवायची काठी. पटर! मी म्हटलं, अजून ग्रीन आलं कुठे? तो पिनच्या बराच डावीकडे बोट दाखवून म्हणाला, तिकडे मार आणि गप्प बघत राहा. चेंडू निघाला, पहिला उंचवटा चढून दिसेनासा झाला, पलीकडून वेगळ्याच बाजूने वर आला, एका खळग्याच्या काठाकाठाने फिरला आणि पिनपासून सहा फुटांवर थांबला. माझ्या अठरा वर्षांच्या गोल्फमधला हा सर्वांत देखणा शॉट, आणि चेंडू जमिनीवरून एक इंचही उठला नव्हता. रिसॉर्टवर चेंडू हवेतून न्यायचा आणि मऊ हिरवळीवर उतरवायचा. इथे तो जमिनीच्या हवाली करायचा. त्यासाठी जमीन टणक लागते आणि जमीन टणक राहते ती खालच्या वाळूमुळे. पाऊस पडला की खाली जातो. फेस्क्यूसारखं बारीक, काटक गवत थोडक्या पाण्यावर निभावतं. ज्या निचऱ्यासाठी रिसॉर्टला पाइप पुरावे लागले, तो इथे समुद्राने आधीच करून ठेवलाय.

आता 'अन्याय'. बाराव्या होलवर मी ऐन मधे, सरळ आणि लांब ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा पहिला फटका, मारला. जावयांनी टाळ्या वाजवल्या. चालत गेलो तर चेंडू बंकरमध्ये. टीवरून बघितलं होतं तेव्हा तिथे बंकर नव्हताच! कॅडी हसत म्हणाला, मागे वळून बघ. पूर्वी हा कोर्स उलट दिशेनेही खेळायचे. पलीकडून येणाऱ्याला हे बंकर सताड उघडे दिसतात, आपल्याकडे त्यांची फक्त पाठ असते. बंकरची भिंत माझ्या छातीएवढी, गवताचे गड्डे एकावर एक रचून उभी केलेली, धरणाच्या दगडी पिचिंगसारखी. पुढे मारायला वाव नव्हता. मागे मारला आणि त्या होलवर सात फटके घेऊन बाहेर पडलो. हा अन्याय म्हणायचा तर म्हणा. कुणी ठरवून केलेला मात्र नाही. जमिनीला जुनी वहिवाट आठवते आहे, आपण नवे आलोय, इतकंच.

त्या वहिवाटीबद्दलच खरं सांगायचंय. 'लिंक्स' म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची पट्टी. पेरून काही येणार नाही म्हणून मेंढ्यांना आणि सशांना सोडलेली. आपल्या भाषेत गायरान. बंकरही मेंढ्यांनीच केले असं सांगतात, वाऱ्याला आडोसा म्हणून त्या उताराशी अंग घासत बसायच्या आणि खड्डा मोठा होत जायचा. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टनला या जमिनीवर ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली, पण त्याच दस्तात गावकऱ्यांचा गोल्फ, फुटबॉल वगैरे खेळायचा हक्क लिहून ठेवला. १७९७ ला गावपालिका कर्जात बुडाली आणि ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. मग ससेवाले आणि गोल्फवाले यांच्यात वीसेक वर्षं भांडणं आणि कोर्टकज्जे. १८२१ मध्ये चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती विकत घेतली, तेव्हा खेळ वाचला. १८९४ मध्ये कायदा करून गावाने ती परत मिळवली आणि १९७४ च्या कायद्याने कारभार एका ट्रस्टकडे गेला. म्हणजे सातबाऱ्यावर आज फाइफ कौन्सिल, वहिवाट ट्रस्टची, आणि इतर हक्कात अख्खं गाव. क्लबचं नाव कुठेच नाही.

हे कागदावरचं झालं. अठराव्या टीवर मी शॉटच्या तयारीत होतो आणि कॅडीने थांब म्हटलं. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड त्याचं नाव. त्यावरून एक बाप बाबागाडी ढकलत समुद्राकडे निघाला होता. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जगभरातून आलेले, हजारो मैल तुडवून पोचलेले आम्ही, गाडीतल्या बाळाचा पडलेला बूट तो उचलून घालेपर्यंत उभे.

आणि रविवार. एरवी रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडून. एकोणिसाव्या शतकात या मैदानाची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस म्हणे सांगायचे की तुम्हाला विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी. त्या दिवशी गाव तिथे फिरायला येतं. आमच्या सौ.ना गोल्फचा मनापासून कंटाळा, पण त्या रविवारी त्या अठराव्या फेअरवेवर तासभर चालल्या. मला शेवटी त्यांचा फोटो काढावा लागला. कुत्री मोकळी पळत होती, दोन म्हातारे बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. ज्या रिसॉर्टला नऊ गुण मिळालेत, तिथे सौ. रात्री जेवल्यावर शतपावलीला निघाल्या तर दहाव्या मिनिटाला एक तरुण नम्रपणे येऊन म्हणाला होता, बाईसाहेब, कोर्सवर फक्त खेळाडूंनी यायचं.

शेजारीच पटिंगचं एक लांबरुंद मैदान आहे. उंचसखल इतकं की त्याला नाव पडलंय 'हिमालयाज'. तिथल्या बायकांच्या पटिंग क्लबचं, १८६७ पासूनचं. थोडे पौंड मोजले की कोणीही खेळावं. माझ्या सात वर्षांच्या नातीने मला तिथे चार पटने हरवलं. हा पराभव हिमालयात झाला, एवढंच समाधान.

आता दुसरी बाजू. गायरान असलं तरी पाहुण्याला ते फुकट नाही. ओल्ड कोर्सची एक फेरी हंगामात तीनशे पौंडांच्या वर जाते. स्थानिकांना वर्षाचा पास त्या मानाने अगदी स्वस्त, पण आम्हा बाहेरच्यांच्या खिशातूनच ते निघतं. मला ते रास्त वाटतं, जावयांना नाही. त्या दिवशीचे पैसे त्यांनी भरले होते. शिवाय नवं ते सगळं खोटं असंही मी म्हणणार नाही. जवळचाच किंग्जबार्न्स २००० साली उघडला. शेतजमिनीवर यंत्रं लावून, माती हलवून केलेला. मी फक्त किनाऱ्याच्या पायवाटेवरून बघितला आणि कबूल करतो, भराव कुठला आणि मूळ टेकडी कुठली ते माझ्यासारख्यालाही सांगता येईना. असं काम करणाऱ्याला मी मुजरा करीन.

गंमत म्हणजे रिसॉर्टवाल्यांनाही जुन्याची किंमत माहीत आहे. फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सचं ते पाण्यातलं प्रसिद्ध सतरावं होल ज्या पीट डाय या कोर्स आखणाऱ्याने केलं, तो १९६३ मध्ये बायकोबरोबर स्कॉटलंडचे कोर्स बघून आला होता. बंकरच्या भिंतींना रेल्वेचे स्लीपर लावलेले त्याने तिथे पाहिले आणि अमेरिकेत जाऊन त्याची फॅशन केली. वाळू ढासळू नये म्हणून हाताशी होतं ते ठोकलेलं लाकूड, समुद्रापलीकडे जाऊन शोभेचं झालं.

पुढच्या वेळी गुडघ्याने साथ दिली तर स्कॉटलंडच्याच साउथ युइस्ट बेटावरच्या अॅस्करनिश कोर्सला जायचा विचार आहे. ओल्ड टॉमने १८९१ मध्ये आखलेला, मग विस्मृतीत गेलेला, २००८ मध्ये पुन्हा उघडलेला. हिवाळ्यात तिथे अजून गुरं चरतात. लेखकमहाशय किती गुण देतील कोण जाणे.

मालकीबद्दलची दुरुस्ती तेवढी कृपया छापावी.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, नाशिक

ता. क. लेखासोबतच्या चित्राखाली 'गोल्फपटूंसाठी बांधलेला ऐतिहासिक स्विल्कन पूल' असं म्हटलंय. ओल्ड कोर्सच्या अठराव्या होलवरचा हा छोटा दगडी पूल गोल्फपटूंसाठी नव्हता. मेंढपाळांना ओढ्यापलीकडे जनावरं नेता यावीत म्हणून होता. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी त्याच्या तोंडाशी गवत टिकेना, म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत ट्रस्टने तिथे गोल फरशी बसवली. बंगल्यापुढच्या अंगणासारखं दिसतं म्हणून एवढी ओरड झाली की काही दिवसांतच ती उखडून पुन्हा गवत लावावं लागलं. माझ्यातल्या अभियंत्याला विचाराल तर फरशीचं काम तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिखल होता आणि सौ.च्या चपला भरल्या.