क्रिएटिनिनचा आकडा एकटा वाचू नये

संपादक महोदय,

क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे संथ चालीचा रक्तकर्करोग असलेल्या रुग्णाच्या किडनीची चौकशी बहुधा क्रिएटिनिनपाशी (किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ द्रव्यापाशी) सुरू होते आणि तिथेच संपते. आकडा १.२ च्या आत असला की घरचे निर्धास्त, १.५ झाला की ल्युकेमियाची गोळी बंद! दोन्हीकडे घाईच होते.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. आजाराने अंग झडलेल्या वयस्कर रुग्णाचा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो आणि किडनीचे काम निम्म्यावर आलेले असू शकते. म्हणून वय, वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी दर मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज, काढावा. फ्लुडाराबिनसारख्या ल्युकेमियावरच्या औषधाचा डोस त्यावरच कमी करावा लागतो. उलट बाजूही आहे. इमॅटिनिब आणि बोसुटिनिब या ल्युकेमियाच्या गोळ्या किडनीच्या नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची वाट अडवतात, त्यामुळे इजा नसतानाही आकडा चढतो. मात्र इमॅटिनिब वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींची गाळणक्षमता खरोखरच उतरते. दोन्हींतला फरक कळायला सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी उपयोगी पडते. तोवर गोळी आपल्या मनाने थांबवू नये.

लघवीची तपासणी तर सर्रास राहून जाते. लघवीला फेस येणे, सकाळी पापण्या आणि संध्याकाळी पाय सुजणे ही प्रोटीन गळत असल्याची लक्षणे असू शकतात. डासाटिनिब या ल्युकेमियाच्या गोळीमुळे असे होऊ शकते. क्रॉनिक लिम्फोसायटिक प्रकारात आजारी पेशींनीच बनवलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे) कधीकधी किडनीच्या गाळण्यांना सूज येते, तेव्हा बायोप्सी लागते. पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून ‘अजून उपचार नकोत’ असे ठरलेल्या रुग्णालाही केवळ किडनीसाठी ल्युकेमियाचे उपचार सुरू करावे लागू शकतात.

सर्वांत जपण्याचा काळ व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियाच्या पेशी झपाट्याने मारणाऱ्या गोळीच्या सुरुवातीचा. पेशी एकदम फुटल्या की पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड रक्तात उसळते. फॉस्फरस कॅल्शियमला धरून किडनीत साचतो, युरिक ॲसिडचे स्फटिक नलिका बुजवतात. म्हणूनच डोस दर आठवड्याला २०, ५०, १००, २००, ४०० मिलिग्रॅम असा चढवतात. लसीकाग्रंथीची (लिम्फ नोडची) गाठ १० सेंमीची किंवा मोठी, किंवा ५ सेंमीची गाठ आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) २५ हजारांवर, अशा रुग्णाला जोखीम सर्वाधिक. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड तयार होणे कमी करणारी गोळी) २-३ दिवस आधी, रोज दीड ते दोन लिटर पाणी दोन दिवस आधीपासून (हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारून), आणि पहिल्या डोसनंतर निदान ६ ते ८ तासांनी व २४ तासांनी रक्त तपासणे, हे चुकवू नये. या काळात क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची काही औषधे घेतली तर व्हेनेटोक्लॅक्सची रक्तातली पातळी कितीतरी वाढते. सलाइनमध्ये सोडा घालून लघवी अल्कधर्मी करण्याची जुनी सवय मात्र आता सोडलेली बरी. त्याने कॅल्शियम-फॉस्फेट अधिक साचते.

युरिक ॲसिड फार चढले तर ते मोडून टाकणारे रासबुरिकेज हे औषध शिरेतून देतात. जी-६-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांना ते चालत नाही. ते दिल्यावर रक्ताची नळी बर्फात ठेवूनच लॅबला पाठवावी. नाहीतर औषध नळीतही काम करत राहते आणि अहवालात युरिक ॲसिड खोटे कमी येते.

पोटॅशियमची गंमत नेमकी उलटी. पांढऱ्या पेशी लाखांत असतील तर त्या नाजूक पेशी नळीत हिंदकळून फुटतात आणि पोटॅशियम ७, म्हणजे धोकादायक जास्त, दिसते. ईसीजी स्वच्छ, युरिक ॲसिड-फॉस्फरस जागच्या जागी, तर संशय नळीवर घ्यावा. दंडाचा पट्टा फार न आवळता नवा नमुना घ्यावा, नळी (यंत्राच्या पाइपमधून न पाठवता) हाताने न्यावी, ब्लड गॅस यंत्रावर (मिनिटांत निकाल देणाऱ्या रक्ततपासणी यंत्रावर) लगेच तपासावी. नसलेले पोटॅशियम उतरवण्याच्या नादात ते खरोखरच धोकादायक इतके खाली जाऊ शकते. व्हेनेटोक्लॅक्सच्या पहिल्या आठवड्यांत मात्र असा अहवाल खरा धरूनच धावपळ करावी आणि दुसरा नमुना त्याच वेळी पाठवावा.

आपले,
रक्तविकार व मूत्रपिंडविकार विभागांत काम करणारे वाचक