सतरा नंबरचा फॉर्म आणि ऊसतोडीचा हंगाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा मधेच सुटलेली ऊसतोड मजुरांची मुलं सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज) भरायला पावसाळ्यात येतात, कारण तेव्हाच ती घरी असतात. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात आणि राज्य मंडळाची लेखी परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात, तोड जोरात असताना. फी भरलेली, बैठक क्रमांक मिळालेली मुलं गैरहजर राहतात ती यामुळे. बीडसारख्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी (माध्यमिक) नियोजन करताना आधी हे वेळापत्रक समोर ठेवायला हवं.

दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (NIOS, बाहेरून शिकणाऱ्यांसाठीचं केंद्राचं मंडळ). तिची वर्षातली दुसरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. वय 14 पूर्ण हवं, किमान एका भाषेसह पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, माध्यम मराठीही घेता येतं. राज्य मंडळाच्या परीक्षेत पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे वळवता येतात. मात्र नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते, म्हणून कोणत्या मुलाला कोणता रस्ता सोयीचा हे जूनमध्येच ठरलं पाहिजे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी शाळाबाह्य मुलांची यादी घेऊन पंचायत समितीत एक दिवस बसलं तरी हे होतं. मार्चात नापास झालेल्यांना जून-जुलैची पुरवणी परीक्षा गावातच देता येते, पण तिचे फॉर्म भरायच्या तारखा टोळीपर्यंत कुणी पोहोचवत नाही. मुख्याध्यापकांनी निकालाच्याच आठवड्यात पालकांना फोन करावेत.

खरी अडचण दाखल्याची. अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आणि आधारवर 1 जानेवारी, एकीकडे 'सुनिल' आणि दुसरीकडे 'सुनील', अशी कागदपत्रं दर वर्षी दिसतात. दाखल्यातल्या दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि ती मिळेपर्यंत मुदत उलटते. बहुतेक वेळा दाखल्याप्रमाणे आधार करून घेणं लवकर होतं, पण हे पालकांना सांगणार कोण? पंचायत समितीतल्या त्या दिवसाच्या शिबिरात आधारचं यंत्र ठेवा आणि जुन्या शाळेने तीन दिवसांत दाखला द्यावा असा लेखी आदेश काढा.

दुसरी गळती संपर्क केंद्रावर, म्हणजे सतरा नंबरच्या मुलांना जोडून दिलेल्या शाळेत होते. दर विषयाला 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते बुडाले की 35 गुण लेखी 80 मधूनच काढावे लागतात, आणि गणितात तिथेच मूल अडकतं. त्या शाळेला ही मुलं आपली वाटत नाहीत. हजेरीपटावर नावच नसतं. प्रत्येक केंद्रावर एका शिक्षकाकडे लेखी जबाबदारी द्यावी आणि प्रयोगवह्या, प्रकल्प दिवाळीआधी पुरे करून घ्यावेत.

कारखाना परिसरातलं परीक्षा केंद्र मिळावं म्हणून छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे शिक्षणाधिकाऱ्यांनी मुलांच्या नावानिशी प्रस्ताव पाठवावा. टोळ्या कुठल्या कारखान्याला जाणार हे टोळी नेणाऱ्या मुकादमाला दसऱ्यालाच माहीत असतं. तेव्हाच विचारून घ्यावं.

– एक माध्यमिक शिक्षक, बीड जिल्हा