म्हशीच्या गळ्यातला जीपीएस आणि आमच्या रानातली रेंज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईल उघडला की जाहिरात, जनावराच्या गळ्यात जीपीएस बांधा आणि घरबसल्या बघा म्हैस कुठंय. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या वर राहतो, इकडं म्हशी सकाळी सोडल्या की दिवसभर रानात आणि सांजेला आपणहून परत, एखादी नाही आली तर बॅटरी घेऊन शोधायला निघायचं आणि वाटेत अस्वल भेटू नये म्हणून मोठ्यानं बोलत जायचं. म्हणून गेल्या वर्षी मीपण एक मागवला. दोन हजाराला पडला, सिमचा रिचार्ज वेगळा. पोरानं सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून पट्ट्याला शिवला.

पहिल्या दिवशी लई मजा आली. ठिपका गोठ्यातून निघाला, ओढ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सांजेला म्हैस गोठ्यात रवंथ करत बसलेली आणि मोबाईलात ती अजून ओढ्यावरच! कंपनीला फोन केला तर म्हणतात ओपन स्काय पाहिजे, म्हणजे वर उघडं आभाळ. आता ओपन स्काय पाहिजे म्हणून म्हशी काय बेळगावच्या कॅम्पातल्या ग्राउंडवर चारायच्या का? आठवड्यात चार्जिंग संपलं, नंतर तिनं डबक्यात लोळून आणि झाडाला मान घासून पट्टाच तोडला.

मग पोरानं समजावून सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. जीपीएसची चिप सॅटेलाईटचं नुसतं ऐकते, आपण कुठं आहोत ते तिला कळतं पण ती आपल्याला कळवत नाही, कळवायचं काम सिमचं, आणि आमच्या भीमगड अभयारण्याच्या बाजूला टॉवरची बोंब. शिवाय दर दोन मिनिटाला जागा शोधत बसलं की बॅटरी लवकर उतरते, तासाला एकदा शोधली तर बरीच टिकते, म्हशीला तेवढं पुष्कळ झालं की. सिमच्या ऐवजी लोरा म्हणून रेडिओ असतो, त्याला आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लायसन लागत नाही, रिचार्ज नाही, करंट कमी खातो. उंचावर एक रिसिव्हर बसवला तर उघड्यावर काही किलोमीटर चालतो, गर्द झाडीत कमी. आमच्याकडं टेकडीवर देऊळ आहे, तिथं लाईटही आहे. गावानं मिळून एक रिसिव्हर घेतला आणि कळपात पुढं चालणाऱ्या एकदोन म्हशींनाच कॉलर घातल्या तरी भागतंय, बाकीच्या त्यांच्या मागंच असतात. पशुपालन खात्यानं कानात १२ आकडी पिवळा बिल्ला मारलाय, पण तो नुसता नंबर, हरवलेली म्हैस त्यानं सापडत नाही. त्यापेक्षा अशा एखाद्या गावाला ट्रायल म्हणून मदत करावी.

आता ग्रुपवर आमची काही पोरं म्हणायला लागलीत की गव्यांनापण असल्याच स्वस्तातल्या कॉलर घालूया, भात खायला आले की कळंल. अरे बाबांनो, गव्याला पट्टा घालायचा तर आधी बेशुद्ध करावं लागतंय, त्याला जनावरांचा डॉक्टर पाहिजे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी पाहिजे. आणि पट्टा चुकीचा बसला की काय होतं ते २०२३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात दिसलं, चित्त्यांच्या मानेला कॉलरखाली जखमा होऊन किडे पडले. आमच्याकडं कणकुंबीचा पाऊस तर कुनोच्या कितीतरी पट. ते काम फॉरेस्टचंच, पण त्यांनी ते करावं. कॉलर घातल्यावर नेमका ठिपका गावाला दाखवू नये, शिकारी काय मोबाईल वापरत नाहीत होय? "गवे अमक्या बाजूला आलेत" एवढा मेसेज मराठीत आणि कन्नडात आला तरी आम्ही रात्री शिवारात जाताना सावध होतो.

हत्तीचं तर अजून वेगळं. दांडेलीकडनं येतात, आमचा ऊस तुडवतात आणि पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला जातात, २००२ साली आपल्याच बाजूनं दोडामार्गात उतरले आणि तिथलेच होऊन बसले. त्यांना कसली आलीय बॉर्डर. बॉर्डरचं भांडण माणसांचं, ते चालू दे की, पण एका हत्तीला इकडं कॉलर घातली तर त्याचा मेसेज चंदगडच्या शेतकऱ्यालाही त्याच रात्री गेला पाहिजे, दोन्ही राज्यांच्या फॉरेस्टवाल्यांनी पत्रं लिहीत बसायचं नाही. आपल्या पेपरनं हा विषय दोन्ही बाजूला लावून धरावा.

तुटलेला पट्टा नंतर ओढ्यात सापडला. म्हशीला पूर्वीसारखी घंटा बांधलीय, ट्रॅकर गोठ्याच्या खुंटीला आहे, कॉलेजच्या कुणा पोराला खोलून बघायचा असेल तर खुशाल न्यावा.

आपला,
एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका