नाटकांची जतन करायची प्रत घाईने काढू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जत्रा, काला आणि सप्ताहाच्या निमित्ताने गोव्याच्या देवळांतून होणारी मराठी नाटके आता गावोगावी चित्रित होऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मंडळाच्या हाती शेवटी जी फाईल पडते, तिच्यात रात्रीचा मंद प्रकाशातला प्रवेश आला की पार्श्वभूमीवर चौकटी उमटतात आणि नटाचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसू लागतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पण पुष्कळदा तो एक्स्पोर्ट करताना निवडलेल्या सेटिंगचा असतो.

सर्रास चालणारी पद्धत म्हणजे बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती माहिती द्यायची तो आकडा, आधीच ठरवून टाकणे. सेकंदाला ५ मेगाबिट धरले, तर तीन तासांच्या नाटकाची फाईल पावणेसात जीबीच्या आसपास होते. बिटरेट असा पक्का बांधला की निश्चल नांदीला आणि धावपळीच्या युद्धप्रसंगाला जवळजवळ सारखीच जागा वाट्याला येते. शिगम्याच्या रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, तर याची फारच पंचाईत होते, कारण उधळलेल्या गुलालाचा कण न् कण प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतो आणि मागच्या फ्रेमवरून पुढची बांधण्याची एन्कोडरची (चित्रीकरण दाबून लहान करणाऱ्या प्रणालीची) युक्ती तिथे थिटी पडते.

म्हणून जतन करायच्या प्रतीसाठी आकार न ठरवता दर्जा ठरवावा. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या प्रचलित पद्धतीसाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स२६४ या मोफत एन्कोडरमध्ये त्यासाठी सीआरएफ नावाचा आकडा असतो. नेहमीच्या चित्रीकरणात तो ० ते ५१ असा चालतो, काही न सांगितल्यास २३ धरला जातो, आणि तो जितका लहान तितका दर्जा चांगला. आकडा सहाने वाढवला की फाईल ढोबळमानाने निम्मी होते. संग्रहासाठी १८ च्या आसपास राहावे, असे मला वाटते. जुन्या व्हीएचएस टेपवरून काढलेली फाईल याच आकड्याला अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, तर दचकू नये. टेपवरची खरखर साठवायलाही जागा लागतेच.

वेगाचा प्रश्न प्रीसेटचा, म्हणजे एन्कोडरने किती घाईने काम करायचे ते सांगणाऱ्या तयार सेटिंगचा. ‘अल्ट्राफास्ट’ निवडल्यावर चौकटींच्या कडा मिळवून घेणारी गाळणीच बंद होते, हे ते निवडणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. थेट प्रक्षेपणात यंत्राला त्याच क्षणी काम उरकायचे असते, तेव्हा वेगवान प्रीसेट घेण्यावाचून इलाज नाही. मात्र तीच प्रक्षेपणाची फाईल पुढे संग्रहात ठेवणे गैर आहे. संग्रहासाठी ‘स्लो’ लावून संगणक रात्रभर चालू ठेवावा. त्याहून संथ प्रीसेटांनी वेळ बराच खर्ची पडतो आणि हाती फारसे लागत नाही. देणगीदारांना ४.७ जीबीच्या डीव्हीडीत बसणारी प्रत द्यायची असेल, तरच बिटरेट हिशेबाने काढून दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग (पहिल्या फेरीत चित्रीकरण तपासायचे, दुसरीत जागा वाटायची) करावे.

२०१३ साली आलेल्या एचईव्हीसी (एच.२६५) या पुढच्या पद्धतीने साधारण त्याच दर्जाला बरीच लहान फाईल मिळते, पण वेळ जास्त लागतो आणि अनेक जुन्या टीव्हींवर ती पेन ड्राइव्हवरून चालत नाही. शिवाय एचईव्हीसीच्या एक्स२६५ या एन्कोडरचा सीआरएफ आकडा वेगळा: तिथे काही न सांगितल्यास २८ धरला जातो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

आवाजावर काटकसर तर मुळीच नको. तीन तासांची नाट्यपदे १९२ किलोबिटने साठवली तरी जेमतेम २६० एमबी होतात.

देवस्थान समित्या मंडपवाल्याकडून खांबांची संख्यासुद्धा पावतीवर लिहून घेतात. चित्रीकरणवाल्याशी मात्र सगळा व्यवहार तोंडी होतो. कला अकादमीने किंवा कला आणि संस्कृती संचालनालयाने या बाबींचे एक पानी मराठी पत्रक काढून नाट्यमंडळांना द्यावे, ही विनंती आहे. त्यात एक अट ठळकपणे असावी: मंडळाने जतन-प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून होकार कळवल्याशिवाय कॅमेऱ्यातले मूळ चित्रीकरण पुसू नये. ते एकदा गेले की दबलेल्या फाईलमधून हरवलेला तपशील कोणत्याही सेटिंगने परत आणता येत नाही.

आपला नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक, फोंडा