माद्रिदचा टेलिफोन आणि गाझाचे बंद दार

महोदय,

ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे फिरू दिलेले नाही. नेले ते लष्करासोबत, ठरलेल्या ठिकाणी, थोड्या वेळापुरते. कारण सांगितले जाते सुरक्षेचे!

१९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात वेढा पडलेल्या माद्रिदमध्ये रीत वेगळी होती. परदेशी बातमीदार शहरातच राहत, आघाडीवर जाऊन येत. मात्र बातमी बाहेर जायची ती ग्रान व्हिया रस्त्यावरच्या टेलिफोन कंपनीच्या उंच इमारतीतून. आधी मजकुरावर सेन्सॉरचा शिक्का, मग लंडन-पॅरिसला फोन. मंजूर प्रत समोर ठेवून कुणीतरी संभाषण ऐकत बसे. बातमीदार मजकूर सोडून बोलू लागला की लाइन तोडली जाई. सरकारचा पराभव दिसेल असे काही सुरुवातीला चालतच नसे. तिथले एक सेन्सॉर आर्तुरो बारेआ यांनाच हा खुळेपणा वाटू लागला.

तरी तिथे खोडायला निदान काही लिहिलेले असे. गाझाची खबर आज तिथलेच पत्रकार देतात आणि त्यांतले दीडशेहून अधिक मारले गेले आहेत. लष्कराने घडवलेल्या दौऱ्याची बातमी छापताना आपल्या वृत्तपत्राने तसे ठळकपणे नमूद करावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा