मंगल, त्या गाठीबद्दल

प्रिय मंगल,

आखाजीला आपण झोक्यावर बसलो होतो तेव्हाच तू सांगायला पाहिजे होतं गं. दोन दिवस सोबत होतो, सांजोऱ्या खाल्ल्या, गौराईची गाणी म्हटली, आणि तू डावा हात जरा आखडूनच बसलेली, मी विचारलं तर म्हणे धुणं जास्त झालं. आणि आता परवा फोनवर सांगते की काखेत गाठ आहे, दोन महिने झाले, पण दुखत नाही म्हणून गप्प आहे. तुझ्यामागे सगळं घर बसलेलं, मला काही नीट बोलता येईना, म्हणून लिहितेय. मोठं झालं तरी पूर्ण वाच, आणि वाचून झाल्यावर फोन कर, मेसेज नको.

आधी माझं सांगते. मागच्या कार्तिकात वेचणीला मजूर मिळेना म्हणून मीच उतरले कापसात. बोंडाच्या टोकांनी बोटं कशी फाटतात तुला माहितीये. उजव्या अंगठ्याची जखम पिकली आणि तीन-चार दिवसांत काखेत लिंबाएवढं सुजलं, ठणका असा की वेणी घालता येईना. मी रडकुंडीला आले तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "काही नई व्हत, अवधान शे ते." आणि खरंच ते अवधानच होतं, म्हणजे जखमेमुळे काखेत आलेली सूज. डॉक्टरांनी अंगठा बघितला, गोळ्या दिल्या, जखम सुकली तशी गाठपण बसली.

तेव्हाच डॉक्टरीणबाईंना विचारलं की जखम अंगठ्याला आणि सूज काखेत कशी? तर त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. काख म्हणजे आपलं भुसावळ जंक्शन. मुंबईकडून, नागपूरकडून, खंडव्याकडून गाड्या येतात तशा हाताच्या, छातीच्या, पाठीच्या वरच्या भागाच्या बारीक नळ्या काखेत येतात, त्यात रक्त नसतं, पाण्यासारखा रस असतो. तिथं वीस-तीस छोट्या ग्रंथी असतात, त्या हा रस गाळतात. जंतू आला की त्या फुगतात. आणि स्तनाचा बहुतेक सगळा रसपण याच जंक्शनवर येतो, म्हणून स्तनात काही बिघडलं तर कधीकधी पहिली खबर काखेतच लागते, छातीवर हाताला काहीच लागत नाही तरीसुद्धा.

माझ्या मोठ्या नणंदेचं असंच झालं. तुला त्यांच्या ऑपरेशनचं माहिती आहे पण आधीचं नाही माहिती. हरभऱ्याएवढी गाठ, दुखणं शून्य, पण कडक, आणि बोटाने सरकवली तर सरकत नव्हती. घरात सगळे म्हणाले काखमांजर आहे, काखेतलं गळू, हळद लाव. एका दवाखान्यात दोनदा गोळ्यांचा कोर्स दिला आणि छाती तपासलीच नाही, याचा मला अजून राग येतो. बाईपण लाजली, डॉक्टरपण लाजला, आणि तीन महिने गेले. मग सोनोग्राफीत स्तनात खोल बारीक गाठ निघाली. आता बरं आहे त्यांचं, परवाच स्वतः वांगी भाजून भरीत केलं, पण ते तीन महिने कशाला घालवायचे गं?

तुझं तेच असेल असं अजिबात म्हणत नाही. काखेतल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. चरबीची गाठ असते, इथल्या उन्हात घामाने आणि रेझरने केसतोड होतो, टीबीची गाठ असू शकते आणि ती औषधाने बरी होते. 2021 मध्ये कोरोनाची लस घेतल्यावर कितीतरी जणींना त्याच बाजूच्या काखेत सूज आली होती. आणि माझ्या वहिनीची तर गंमतच, बाळंतपणानंतर दूध उतरलं तशा दोन्ही काखा फुगल्या, कळलं की काखेतपण स्तनाचा थोडा भाग जन्मापासून असतो काही जणींना, पाळीच्या आधीपण तो ठणकतो. पण यातली तुझी कोणती हे तू आणि मी फोनवर ठरवू शकत नाही ना. आणि तू जे सारखं म्हणतेस ना "दुखत नाही", त्यावर भरवसा ठेवू नको. माझं दुखत होतं ते गेलं, नणंदेचं दुखत नव्हतं. दुखलं म्हणजे साधंच असतं असंही नाही म्हणा.

आज आंघोळीच्या वेळी एक कर. हात वर करून नको बघू, हात खाली सैल सोड आणि दुसऱ्या हाताची बोटं सपाट ठेवून काखेत खोल दाब, सैल असलं की गाठ चांगली लागते. मग दोन्ही छात्या बघ आरशात. कुठे खड्डा पडलाय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत ओढलं गेलंय का, त्यातून रक्तासारखं काही येतं का. पण काही नाही दिसलं म्हणून दवाखाना रद्द करायचा नाही, दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ दाखवायचीच.

आशाताई तो तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म घेऊन येते ना, त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न असतो, आणि आपण सगळ्या पोळ्या लाटता लाटता "नाही, नाही" सांगून मोकळ्या होतो. माझी भाची नर्सिंगला आहे, ती सांगत होती की टाटाच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर अभ्यास केला, निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी शिकवलेल्या बायकांनी नुसत्या हाताने तपासली, मशीन नाही काही नाही. 2021 मध्ये निकाल छापला, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी. लहान वयात तसा फरक दिसला नाही, पण तू तर नुसती तपासणी नाही करत आहेस, तुला गाठ आहे.

डॉक्टर हाताने बघतील, मग सोनोग्राफी, तू बेचाळीसची म्हणून मॅमोग्राफीपण, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सांगतील बहुतेक. त्यात छाती दोन सपाट प्लेटांमध्ये दाबतात, दुखतं, पण थोडाच वेळ. लागलं तर सुईने तुकडा काढतात. सुई टोचली की कॅन्सर पसरतो असं तुझी जाऊबाई सांगेल, माझ्या नणंदेलापण सांगितलं होतं सगळ्यांनी. तसं काही नसतं. शंका असली तर गाठ कॅन्सरची आहे की नाही ते सुईशिवाय पक्कं कळत नाही.

भाऊजींना मी सांगते हवं तर. बुधवारी दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीने जळगावला ये, मी स्टेशनवर असेन, लेडी डॉक्टरचीच वेळ घेतलीय, मी आत तुझ्यासोबत बसेन. आधार कार्ड आण, शेवटच्या पाळीची तारीख लिहून आण, साडी नको, समोरून उघडणारा ड्रेस घाल. आणि हो, काखेत पावडर किंवा सेंट काही लावून येऊ नको, मॅमोग्राफीत त्याचे पांढरे ठिपके दिसतात.

तुझी,
शोभा